नव्या गिटारीचा उडालेला रंग

गोंदियाची बस लागली, तरी खेमराज बाकावरून उठला नाही. त्याच्या मागच्या बाकावर मांडीवर गिटार घेतलेला एक म्हातारा अन् त्याची शेजारीण बोलत होती.

"कवडूभाऊ, रचनाले जुनी गिटार काऊन घेऊन देली? रंग तं पुरा उडला."

"घेतली तवा नवीनच होती, रुख्माबाई. जुनी दिसावी म्हणून कंपनीच घासून देते. पोरीनं आपल्या कमाईनं घेतली."

"मंग रंग मारून द्या ना. तुम्ही तं पेंटर!"

"मारतच होतो. डबा उघडला, तं वाजवताना कोपर टेकते तिथं एक जागा जास्त घासलेली दिसली. दुकानात नोती."

"मंग?"

"चार वर्षं भीमजयंतीले वाजवून राहिली ना! बाकीचं कंपनीनं घासलं, एवढं माह्या पोरीनं. म्या डबा बंद केला."