झकास सोडलेले तीन बॉल

नव्वदच्या सुमारास मँचेस्टरला आमच्या हॉस्पिटलात माइक नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. बेसबॉलच्या सीझनमध्ये सर्वांत जास्त स्ट्राइकआउट घेणाऱ्या पिचरांची, म्हणजे तिकडच्या बोलरांची, यादी त्याने कॅन्टीनमध्ये चिकटवली होती. मी पडलो पुण्याचा ओपनर. म्हटलं, “मला आउट करून दाखव!”

रविवारी बायकोला आणि जेवणाचा डबा घेऊन पार्कात गेलो. माइकने बॉल टाकले. स्टंप नव्हतेच, मग घाई कशाला? तिन्ही बॉल मी बॅट उचलून झकास सोडले.

“आउट!” माइक ओरडला.

“अरे, मी बॉलला बॅटसुद्धा लावली नाही!”

“म्हणूनच! मारण्यासारखे तीन बॉल सोडले की स्ट्राइकआउट.”

डबा उघडता उघडता बायको म्हणाली, “अहो, काहीच न करणारा माणूस आउट असतो, हे मी घरी पंधरा वर्षं सांगतेय. ह्याने तीन बॉलांत पटवलं!”