दुसऱ्या पिंजऱ्याचं लिव्हर

...आणि वर घरी गेलं की आई विचारते, "उंदीर बरे आहेत ना रे?" अगं बरेच आहेत, तेच तर दुखणं आहे! तुम्हाला सांगतो, मला फार काही नको होतं, उंदराचं खराब झालेलं एक लिव्हर हवं होतं. एक!

म्हणजे बघा, माझं संशोधन साधं. एका रानपाल्याचा अर्क लिव्हर वाचवतो का, ते बघायचं. तीन पिंजरे, प्रत्येकात सहा पांढरे उंदीर. पहिल्याला नुसतं पाणी, दुसऱ्याला नुसतं विष, तिसऱ्याला विष आणि वर अर्क. दुसऱ्याचं लिव्हर बिघडलं, तिसऱ्याचं वाचलं, की मी डॉक्टर! पाच वर्षं लटकलोय. आईनं दाराची पाटीसुद्धा रंगवून ठेवलीय, नावाआधी 'डॉ.' घालून... तूर्तास भिंतीकडे तोंड करून.

आता ती उंदरांची खोली... काय सांगू! दुपारची ऊब, अर्काचा ओला हिरवा वास, भुशात खसखस, खसखस... डोळा लागतोच हो. वाटतं, आपण कुठल्याशा झाडाखाली पडलोय, पानांतून ऊन गळतंय, अठरा उंदीर पोटावर झोपलेत, आणि गाईड मॅडम तिथंच बसून प्रबंधावर सही करतायत... जाग येते तेव्हा हातात रक्ताचा रिपोर्ट. तिसरा पिंजरा उत्तम. दुसरा? तोही उत्तम!

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "विष शिळं असेल." ताजं आणलं. पुन्हा उत्तम! विष पिऊन गुटगुटीत होतायत, म्हणजे काय म्हणायचं? अहो, एकच खराब लिव्हर मागतोय मी!

मग एका दुपारी असाच पेंगत होतो, अर्धवट डोळ्यांनी बघतो तर काका. काका म्हणजे आमचे पिंजरे साफ करणारे. तिसऱ्या पिंजऱ्याचा उरलेला अर्क हळूच दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटलीत ओततायत! मला वाटलं, स्वप्नच. इतक्या मायेनं ओतत होते की मीही बघत राहिलो... मग ओरडलो, "काका! हे कधीपासून?" तर म्हणतात कसे, "पहिल्या दिवसापासून. विष दोघांना, औषध मात्र शेजाऱ्यालाच? टुकूटुकू बघत बसतात हो बिचारे!"

म्हणजे माझं औषध लागू पडतंय! बाराच्या बारा वाचले! आणि सगळेच वाचले, म्हणून सिद्ध काहीच होत नाही! नाचू की रडू?

मॅडम म्हणाल्या, "सगळं पहिल्यापासून. आणि खोलीची किल्ली काकांना द्यायची नाही."

झालं. नवे उंदीर आले, किल्ली माझ्या खिशात. काल दुपारी... तीच ऊब, तोच वास... तिसऱ्या पिंजऱ्याला अर्क देऊन झाला, तळाशी घोटभर उरला. दुसऱ्यातला एक जाळीला नाक लावून माझ्याकडे बघतोय. शपथ सांगतो, मला खराब लिव्हर हवंच होतं... पण तो बघतच होता हो!

संध्याकाळी आईनं विचारलं, "उंदीर बरे आहेत ना रे?"

म्हटलं, "बरेच राहणार ते, आई. तू ती पाटी माळ्यावर टाक."