ट्रायपॉडचा तिसरा पाय

कुंदा: अन् परवाच्या खिचडीत काय निघालं, सांगू अनुपमला? लेन्सचं झाकण.

शैलेंद्र: लेन्सला बुरशी धरत होती म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवली होती. तांदूळ ओल ओढून घेतो. हे शास्त्र आहे. झाकण डब्यात राहिलं, हा वेगळा विषय.

कुंदा: वेगळा कसा? शिजलं तर माझ्याच कुकरात.

अनुपम: भाऊजी, हा पाय परत खाली सरकून राहिला.

शैलेंद्र: माहीत आहे मला. कमानिया गेटजवळून आणला तेव्हा दुकानदार म्हणे, साहब, इस पर हाथी खड़ा कर दो. तीन पायांतले दोन पास, तिसरा रिजेक्ट. आमच्याकडे असला माल गेटच्या आतसुद्धा येऊ दिला नसता. धरून ठेव तू तो पाय. दोन्ही हातांनी.

अनुपम: किती वेळ?

शैलेंद्र: सूर्य कळसावर येईपर्यंत. वीस मिनिटं समज. सोडलास तर कॅमेरा नर्मदेत.

(तिलवाराघाटाची खालची पायरी, जानेवारीची एकोणतीस तारीख, संध्याकाळचे साडेपाच. शैलेंद्र दाणी यांनी फॅक्टरीत तपासनीस म्हणून चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाला नाकं मुरडली आणि सरकारनं त्यांना त्याचाच पगार दिला. आता पेन्शनीत तेच काम ते फुकट करतात. कुंदाबाई घडीच्या स्टुलावर थर्मास मांडीत घेऊन बसलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ अनुपम, त्याच फॅक्टरीत लेथवर आयुष्य काढलेला, पायरीवर उकिडवा बसून ट्रायपॉडचा तिसरा पाय धरून आहे.)

कुंदा: नाचता येईना, अंगण वाकडं. दर वेळी सामानाचंच चुकतं. बॅटरी थंडीनं मरते, लेन्सला बुरशी लागते, पायाचा स्क्रू ढिला होतो. तुमचं काहून कधी चुकत नाही?

शैलेंद्र: चुकलं असतं तर सांगितलं असतं.

अनुपम: छोडो ना ताई. भाऊजी, कळसावरच पाहिजे का तो सूर्य? आत्ताही छान दिसून राहिला.

शैलेंद्र: छान तर पोस्टकार्डावर पण दिसतो. नीट समजून घे. वळणावर ते लहान देऊळ दिसतं ना, त्याच्या कळसाच्या बरोबर टोकावर सूर्य वर्षातून दोनदाच येतो. ह्या पायरीवरूनच. मी तीन वर्षं वहीत लिहून काढलं आहे. काल ढग होते. उद्या तो उजवीकडे सरकलेला असेल. म्हणजे आज. आणि आपल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कॅलेंडरसाठी फोटो द्यायची मुदतही आज, रात्री नऊ.

कुंदा: दोन वर्षं यांचा फोटो परत आला आहे. तिसऱ्यांदा आला तर मंडळात पाय ठेवणार नाही म्हणतात.

शैलेंद्र: आणि घेतला कोणाचा? चेरीतालच्या त्या सुमेधाचा. फोनवर काढलेला. फोन फोटो काढत नाही, अनुपम, बनवतो. काळोख असला तर आपल्या मनानं उजेड टाकतो. खोटारडं यंत्र आहे ते. अन् हे पाहा, हे सेल्फीवाले शहाणे. सूर्याकडे पाठ करून सूर्याचा फोटो काढून राहिले. ओ भैया, नाव थोड़ी उधर ले लो, फ्रेम में आ रही है.

कुंदा: त्याचं पोट आहे त्या नावेवर.

शैलेंद्र: मग पोट घेऊन तिकडे जावं. माझ्या फ्रेममध्ये माणूस नको.

अनुपम: मी एक काढू का, भाऊजी? फोनवर. मोनालीला दाखवतो. ती म्हणते तुम्ही घाटावर जाता अन् भजी खाऊन येता.

शैलेंद्र: फोन खिशात ठेव. एका हातानं पाय धरून चालणार नाही. तुझ्या बायकोला कॅलेंडरमध्ये दिसेल.

कुंदा: अहो, कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकून राहिलंय.

शैलेंद्र: कुठं?

कुंदा: कॅमेऱ्याच्या पडद्यावर. वर, कोपऱ्यात.

शैलेंद्र: बॅटरीचं असेल. थंडीत दाखवतं तसं. हात नको लावू, कुकर नाही तो.

कुंदा: बरं. नाही लावत. चहा घेता?

शैलेंद्र: चहा घेतला की हात हलतो.

कुंदा: अनुपम, तू घे. मी पाजते, तुझे हात गुंतले आहेत. बरं, परवाचं सांग. तुझ्या रिटायरमेंटचा निरोप-समारंभ फॅक्टरीतला वेगळा अन् मंडळाच्या हॉलमधला वेगळा, असंच ना?

अनुपम: हो. फॅक्टरीत हार, नारळ, पंधरा मिनिटं. संध्याकाळी हॉलमध्ये आपले लोक. सेक्शनमधलेही येतो म्हणाले. भाऊजी, तुम्ही दोन शब्द बोलणार ना?

शैलेंद्र: मी काय बोलू? मला भाषण येत नाही.

अनुपम: काहीही बोला. मोठे आहात. फक्त त्या लॉटचं काढू नका.

कुंदा: कोण काढतं आता? एकवीस वर्षं झाली.

अनुपम: दर दिवाळीला कोणीतरी काढतं, ताई. मी लेथवर केलेल्या तीनशे चाळीस पिना, सगळ्या रिजेक्ट. सेक्शनमध्ये नवीन पोरं येतात, त्यांना माझं नाव नंतर कळतं, ती गोष्ट आधी. भाऊजींनी मात्र कधी काढलं नाही. ते मी मानतो. शिक्का मारला, पण घरात कधी शब्द नाही.

शैलेंद्र: माझं काम होतं ते. गेज म्हणजे लोखंडाचं माप, पिन त्यातून गेली तर पास, अडकली तर रिजेक्ट. तुझ्या अडकत होत्या. त्यात नातं येत नाही.

कुंदा: नातं नाही आलं, पण त्याच महिन्यात चार्जमनच्या बढतीची यादी आली. अन् त्यातून ह्याचं नाव गेलं. मोनालीचं माहेर तेव्हापासून ह्याला जावई कमी अन् मजूर जास्त समजतं.

अनुपम: झालं ते झालं. पण एक सांगू, भाऊजी? त्यातली एक पिन मी माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवली होती. आजही आहे. परवा बॉक्स जमा करायचा आहे, तेव्हा जाईल. मायक्रोमीटर लावला की बरोबर येते. शंभरदा लावला असेल. दर वेळी बरोबर.

कुंदा: मग?

अनुपम: मग काय. मी समजलो की आपल्याला मोजताच येत नाही. गेज तर खोटं बोलणार नाही. तेव्हापासून प्रत्येक पीस दोनदा मोजतो अन् शेजारच्याला तिसऱ्यांदा मोजायला लावतो. एकवीस वर्षं. हसतात लोक. भाऊजी, तुम्हाला काय वाटतं, मायक्रोमीटरमध्येच काही...

शैलेंद्र: बोलू नको. सूर्य आला.

अनुपम: अच्छा.

शैलेंद्र: पाय धर घट्ट. श्वाससुद्धा हळू. थांब. अजून थांब. आला. आला टोकावर. हे एक. हे दुसरं. पास. कुंदा, इकडे बघ, पडद्यावर बघ. दोन सेकंद दिसतो, लवकर बघ.

कुंदा: अगंबाई. कळसावर ठेवल्यासारखा आहे. खरंच छान आहे हो.

शैलेंद्र: पास. हासुद्धा पास. आता पाण्यात पट्टा पडला. पास. सुमेधाबाईंना म्हणावं, याला फोटो म्हणतात.

अनुपम: माझा हात सुन्न पडून राहिला, भाऊजी.

शैलेंद्र: अजून अर्धं मिनिट. घसरला, घसरला खाली. गेला. संपलं. एकोणचाळीस काढले. जन्मात पहिल्यांदा वाटलं की आज कोणी रिजेक्ट करून दाखवावं.

कुंदा: घ्या आता चहा. निवला आहे, पण घ्या.

अनुपम: दाखवा ना, भाऊजी. मी तर पायाकडेच बघत होतो, सूर्य पाहिलाच नाही.

शैलेंद्र: दाखवतो. हे बटण. थांब. हे. काय झालं याला?

कुंदा: काय म्हणतंय ते?

शैलेंद्र: एकही फोटो नाही म्हणतंय.

कुंदा: असं कसं? मी पाहिले ना आत्ता.

शैलेंद्र: चूप बस जरा. खालची खिडकी उघडू दे. कार्ड... कार्ड नाही आत.

अनुपम: कार्ड म्हणजे?

शैलेंद्र: ज्याच्यावर फोटो साठतो ते. ते नसलं तरी हा मूर्ख कॅमेरा चालतो. फोटो काढतो, दोन सेकंद दाखवतो अन् पुसून टाकतो. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेली सोय आहे ती. काय अक्कल आहे बनवणाऱ्यांची. रील नसताना फोटो काढल्यासारखं. कार्ड नाही तर चालूच कशाला द्यायचं? निदान सांगायला नको माणसाला?

कुंदा: सांगत होता ना. लाल लुकलुकून.

शैलेंद्र: बॅगेचे कप्पे बघू दे. इथंही नाही.

कुंदा: कार्ड कुठं आहे?

शैलेंद्र: घरी. कॉम्प्युटरमध्ये. सकाळी जुने फोटो उतरवत होतो.

कुंदा: कोणी ठेवलं तिथं?

शैलेंद्र: मी.

कुंदा: आता कोणावर मारता लाल शिक्का? ट्रायपॉडवर का माझ्यावर? फोनवर एक काढतो म्हणत होता बिचारा, त्याचा फोनही खिशात घालायला लावला. चाळीसावा तरी राहिला असता.

अनुपम: राहू दे ताई. होतं असं. सामान आहे, कधी ना कधी धोका देतंच. चलो, पुढच्या वेळी येऊ.

शैलेंद्र: सामानानं काही धोका दिला नाही, अनुपम. सामान पास आहे.

कुंदा: हे आज पहिल्यांदा ऐकून राहिले मी.

शैलेंद्र: त्या वेळी उलटं होतं.

अनुपम: कोणत्या वेळी?

शैलेंद्र: तुझ्या लॉटच्या वेळी. माणूस पास होता. माप खोटं होतं.

अनुपम: काय म्हणून राहिले तुम्ही?

शैलेंद्र: गेज पडलं होतं. माझ्या हातून, आठ दिवस आधी, सिमेंटवर. असं पडलं की लिहून द्यायचं असतं अन् ते तपासायला पाठवायचं असतं. मी उचललं, पुसलं अन् पेटीत ठेवलं. जबडा जरासा आत दबला होता. डोळ्याला दिसत नाही ते. चांगली पिनसुद्धा अडकणार त्यात.

कुंदा: तुम्हाला केव्हा कळलं?

शैलेंद्र: महिन्यानं. नेहमीच्या तपासणीला गेलं तेव्हा कागद आला. तोवर चार्जमनची यादी लागली होती. अन् माझंही नाव होतं त्या वर्षी वरच्या जागेला. मी कागद फायलीत लावला. फायली कोण वाचतं?

कुंदा: अन् मी? मी एकवीस वर्षं माझ्या भावाला सांगत आले, त्यांच्यावर राग धरू नको, ते त्यांचं काम होतं. दर भाऊबीजेला ह्याला ओवाळताना तुम्ही समोर बसून अनारसे खात होते. तोंड आहे का काय तुम्हाला?

शैलेंद्र: सांगणार होतो.

कुंदा: केव्हा? सूर्य कळसावर आला की?

शैलेंद्र: आत्ता तो पिनेचं बोलला ना. शंभरदा मोजली म्हणाला. मी सूर्य आला म्हणालो, तेव्हा सूर्य आला नव्हता. दोन मिनिटं होती अजून.

कुंदा: थू तुमच्या सूर्यावर.

अनुपम: ताई, थांब.

कुंदा: थांबू कशाला? बोल काहीतरी. अजून तो पायच धरून बसला आहे.

अनुपम: सोडला तर कॅमेरा पाण्यात जाते. भाऊजी, पिना कशा होत्या?

शैलेंद्र: सांगितलं ना.

अनुपम: गेजचं सांगितलं. पिनांचं नाही.

शैलेंद्र: बरोबर होत्या. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस.

अनुपम: अच्छा.

शैलेंद्र: तू म्हणशील ते करतो. परवा हॉलमध्ये सांगतो. सगळ्यांसमोर.

अनुपम: नाही सांगणार तुम्ही. परवापर्यंत दोन दिवस आहेत. माईक हातात आला की तुम्ही म्हणाल, अनुपम फार मेहनती, फार साधा. ओळखत नाही का मी तुम्हाला? ताई, हा पाय जरा धर.

कुंदा: जाऊ दे ना पाण्यात ते डबडं.

अनुपम: धर. मला दोन्ही हात पाहिजेत. भाऊजी, असे इकडे तोंड करून उभे राहा. थोडे डावीकडे. मागे पाणी येऊ द्या.

शैलेंद्र: हे काय करून राहिला तू?

अनुपम: व्हिडिओ. हॉलमध्ये हाच लावू, दोन शब्दांच्या जागी. सुरू करा. गेज पडलं तिथून.

शैलेंद्र: उजेड गेला रे, अनुपम. चेहरा नाही येणार.

अनुपम: येते, भाऊजी. फोन आहे हा. बोला.