सतरा नंबरचे मास्तर

कानाच्या दवाखान्यात अठरा नंबरची चिठ्ठी धरून बसलेल्या बाईंना शेजारच्या बापलेकीचं बोलणं चोरून ऐकायचं नव्हतं. पण इंग्रजीचे ते निवृत्त मास्तर वर्गात बोलावं तसे बोलत होते आणि लेक त्यांच्या कानाशी ओरडत होती.

“इंग्रजीत नुसता ‘द’ लावला की विशेषणाचं नाम होतं. द रिच, म्हणजे श्रीमंत लोक. द डेफ?”

“बहिरे लोक. बाबा, कानाचं मशीन घ्याल ना?”

“लोक! म्हणजे अख्खी जमात. त्यात मी नाही.”

“काल शिकवणीत एक मुलगी ‘द रिच इज हॅपी’ म्हणाली, आणि तुम्ही शाब्बास म्हणालात.”

“‘आर’ म्हणाली ती.”

“‘इज’! सगळी पोरं गालात हसली. दोघांनी शिकवणी सोडली, बाबा. उरलेलीही जातील.”

आतून पुकारा आला.

“सतरा नंबर!”

“जाऊ देत. पस्तीस वर्षं कान टवकारून चुका पकडल्यात मी!”

“सतरा नंबर!”

“शेवटच्या बाकावरची कुजबुजसुद्धा...”

बाईंना राहवेना. त्या मास्तरांच्या कानाशी वाकून ओरडल्या.

“अहो मास्तर, तुम्हाला दोनदा पुकारलं!”

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं.

“मग तू का गप्प?”

“मास्तर बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. तुमचाच नियम.”

मास्तर उठले. सदरा सारखा केला.

“चल. पण आत सांग, मी एकटाच आलोय. जमात आणलेली नाही.”