वायरींची टोपी

गोंदियाच्या बसस्टँडवर अर्जुनीच्या बसची वाट पाहत दुधराम मास्तर पेपर वाचत बसले होते. बाजूला सुटीत घरी निघालेली एक पोरगी आणि तिला घ्यायला आलेली तिची माय येऊन टेकली, अन् मास्तरांची बातमी अर्ध्यावरच राहिली.

"आता खरं सांग भाग्यश्री, तुया डोक्याले काय झालं?"

"काई नाई झालं माय. काऊन?"

"तू मोबाईलवर टाकला थो फोटू पाह्यला मी. डोक्यावर टोपी अन् टोपीले वायरच वायर."

"अवं, थो आमचा अभ्यास होय. माणसाचं मन कसं चालते, कम्प्युटर कसा चालते, दोन्ही एकाच जागी शिकवतात. विचार करताना डोक्यात काय होते, थे मैतरीण मशीनवर पाहून राहिली होती."

"करंट नाई देत?"

"नाई वं! मशीन फक्त पाह्यते."

"सच्ची?"

"सच्ची."

"हुश्श! महिनाभर घास गेला नाई माह्या गळ्याखाली."

"मंग फोनवर इचारलं काऊन नाई?"

"तू हो म्हणली असती तं?"

तेवढ्यात बस लागली.

"चाल माय, जागा धरू."

"थांब. आधी बाजारातून चादर घेऊ. आपल्या अर्जुनीकडच्या प्रतापगडच्या दर्ग्यात नवस बोलली हाय मी, पोरगी बरी झाली तं चढवीन म्हणून."

"पण मी बिमार कुठं होती?"

"आता बरी हायेस न? मंग चाल. बस दुसरी भेटन."