लाल कोब्यावरचा गुंडण्णा

नाही हो, कागदबिगद काही आणलेला नाही. कागद आणला की चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की समोर कोण पेंगतंय ते स्पष्ट दिसतं. त्यापेक्षा हे बरं. तो माईक तेवढा खाली घ्या बघू. मी आहे ती एवढीच, आता काही उंच व्हायची नाही.

हं. तर सभेचे अध्यक्ष माननीय भगवंतराव, गुरांच्या दवाखान्यातून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर सुब्बाराव, आज ज्यांच्या गळ्यात हार पडलाय ते आपल्या मराठी मंडळाचे चिटणीस वासुदेवराव, त्यांच्या शेजारी मघापासून डोळे पुसणारी आणि विचारलं तर सर्दी झालीय म्हणणारी आमची प्रतिमा, समोर बसलेले बंधू आणि भगिनी, आणि केसरीभाताच्या वासावर मागच्या दाराशी टिकून राहिलेली सगळी मंडळी, तुम्हा सर्वांना तुंगाबाईचा नमस्कार.

अध्यक्षांनी मला बजावलंय, अक्का, चिटणिसांच्या कार्याबद्दल बोला. आता कार्याबद्दल माझ्याआधीच्या वक्त्यांनी इतकं सांगितलं, की वासुदेवराव बदली होऊन भोपाळच्या कारखान्यात चाललेत की थेट वैकुंठाला, असा मला प्रश्न पडला. हसू नका. ग्रंथालय त्यांनी काढलं, गणपती त्यांनी बसवला, हे खरंच आहे. पण मी मराठी चौथी शिकलेली बाई, निपाणीजवळच्या खेड्यातली. मला ग्रंथालयातलं काय कळतंय? माझ्या जयनगरच्या घरात पुढच्या भागात हे दोघं राहतात, मागच्या भागात मी. मध्ये एक दार. त्या दारातून मला जे दिसलं तेवढंच मी सांगणार. आणि त्या दारातून मुख्य दिसायचा तो कुत्रा.

गेला आठवडाभर तुम्ही सगळे मला एकच विचारताय. अक्का, तीन पायांचा कुत्रा जाणार की राहणार? तर ऐका. उद्याच्या गाडीनं जाणार. गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी पिंजरा असतो, त्यात त्याची जागा झालीय. ठरलंय ते. आता पुढचं ऐका.

त्याचं खरं नाव रेक्स. वासुदेवरावांनी ठेवलेलं. मी म्हणलं, वासुदेवराव, हे काय नाव? हाक मारली की शिंकल्यासारखं वाटतं! कन्नडात गुंड म्हणजे गोल. पिल्लू होतंही तसंच, पोटाचा नुसता लाडू. मी त्याला गुंडण्णा म्हणायला लागले, आणि तो गुंडण्णालाच ओ द्यायला लागला. मालकांनी रेक्स म्हटलं की हा पाठीमागे बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून.

दोन वर्षांचा झाला आणि घात झाला. आमच्या भागात तेव्हा सगळीकडे घरं उठत होती. दगड भरलेली लॉरी मागं घेत होते, हा आपला सावलीला झोपलेला. मागचा उजवा पाय चाकाखाली गेला. वासुदेवरावांनी त्याला धोतरात गुंडाळलं, जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, घातलं, आणि आम्ही तिघं दवाखान्यात. तिथं हे डॉक्टर होते. डॉक्टर, मी तुमचं नाव घेतेय, पण चांगलंच बोलतेय. सरी ना? बरोबर ना? हां, मान हलवतायत बघा.

डॉक्टर म्हणाले, पाय ठेवला तर कुत्रा जाईल. पाय काढला तर कुत्रा राहील. एवढे मोठे इंजिनियर आपले चिटणीस, कारखान्यात शंभर माणसं हाताखाली, पण नुसते कुत्र्याचे कान कुरवाळत उभे. प्रतिमा पुढे झाली आणि म्हणाली, "काढा." एवढंच.

बातमी मंडळात पोचली. मग काय विचारता! तीन पायांचं जनावर कशाला जगवायचं, हाल करायचे, एक सुई दिली की सुटेल बिचारं, असा सल्ला घेऊन लोक घरी यायला लागले. नावं घेत नाही मी. पहिल्या दोन ओळींतच बसलेत. माझ्या हातची कॉफी पिऊन सल्ला देऊन गेलेत.

गुंडण्णा घरी आला तो पुढच्या हॉलमध्ये गादीवर. टाके चाटू नयेत म्हणून वासुदेवरावांनी त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचं मोठं चाडं, नरसाळ्यासारखं, बसवलं. कुत्र्याऐवजी ग्रामोफोनच झोपलाय असं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं, अंडं द्या. आता माझ्या स्वयंपाकघरात अंडं? सासूबाई वरून खाली आल्या असत्या! पण परसात एक जुनी शेगडी होती. परसातलं सासूबाईंना दिसत नसावं, असं मी धरून चालले. अंडं प्रतिमानं फोडायचं, ढवळायचं मी. तसा पापाचा वाटा निम्मा होतो.

जखम भरत आली. डॉक्टरांनी टाके काढले आणि प्रतिमाच्या डोळ्याला धार लागलेली बघून म्हणाले, "नाल्कू इत्तु, मूरु आयितु. अष्टे." म्हणजे, चार होते, तीन झाले, एवढंच. आता त्याला चालवा.

चालवा म्हणणं सोपं. तो उठेचना. गादीवरून खाली ठेवला की तीन पाय तीन दिशांना जायचे आणि हा पोटावर. मग तसाच पडून राहायचा, भिंतीकडे तोंड करून. कानाला खाज सुटली की जो पाय नाही तोच उचलायचा. नुसता खुबा हलायचा, आणि हा डोळे मिटून वाट बघायचा, आता खाजवलं जाईल म्हणून. ते मला बघवत नसे. मी जायची आणि खाजवून द्यायची.

आणि घरातले लाड तर विचारूच नका! उचलून अंगणात, उचलून गादीवर. पाणी तोंडाशी, खाणं तोंडाशी. प्रतिमा जाता-येता म्हणायची, "बिचारा गं माझा." वासुदेवराव कारखान्यातून आले की कपडे न बदलता त्याच्यासमोर बसायचे. मग त्यांनी मोठ्या निळ्या कागदावर लाकडी पायाचं चित्र काढलं. चामड्याचे पट्टे, बिजागरी, खाली रबर. रामरायाचा सेतूसुद्धा एवढा विचार करून बांधला नसेल. पाय तयार झाला, बांधला, आणि गुंडण्णानं पडल्या पडल्या तो चावून खाल्ला. मला फार बरं वाटलं. म्हणलं, दात तरी जिवंत आहेत.

पण वासुदेवरावांचा धीर सुटला. एक दिवस मधल्या दाराशी आले, म्हणाले, "तुंगाक्का, लोक म्हणत होते तेच खरं होतं का? मी त्याला माझ्यासाठी जगवला का?" मी त्यांना कॉफी करून दिली, सल्लेवाल्यांना दिली होती त्याहून घट्ट.

मग आली संक्रांत. प्रतिमाचं हळदीकुंकू. आता आमच्या घराचा पुढचा हॉल तुम्ही पाहिलाय. लाल कोबा. यजमानांनी हौसेनं करून घेतला, आणि प्रतिमानं माझ्याहून नेटका ठेवला. जखमेला घाण लागू नये म्हणून ती रोज पुसायची, वर खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची, नारळाच्या सोडणानं घासायची. हळदीकुंकवासाठी तर तिनं तो असा चमकवला, की वाकलं तर तोंड दिसावं. बायका आल्या, म्हणाल्या, अगबाई, आरसाच की!

आता हळदीकुंकवाला मला कोण बोलावणार? तशी रीतच नाही. प्रतिमाला अवघड वाटत होतं, मीच म्हणलं, अगं, मला कुठं नटायचंय? कुत्रा माझ्याकडे दे. बायका आल्या की त्याच्यावर पाय पडेल कुणाचातरी. म्हणून आम्ही दोघं मागच्या बाजूला. नको असलेली मंडळी. धुणं धुवायच्या जागेवर मी पाट घेऊन बसले आणि याला शेजारी ठेवलं. तिथं कोबा नाही, खडबडीत दगडी फरश्या आहेत, टाकी मारलेल्या. धुताना घसरू नये म्हणून.

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. शेगडीवर अंडं होतं. मी ढवळत होते. आणि मागं वळून बघते तर काय? हा उभा!

हलले नाही मी. तीन पायांवर थरथरत उभा, नाक शेगडीकडे. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मी म्हणलं, "गुंडण्णा, तू तर मोठा लबाड निघालास रे!" तेवढ्यात आत प्रतिमाचा आवाज आला, आणि हा निघाला तिच्याकडे, उड्या मारत. परस ओलांडला, मधलं दार ओलांडलं, आणि लाल कोब्यावर पाऊल ठेवताच सपाट! सगळ्या बायकांच्या मध्ये. लगेच सुरू झालं, अगं बाई, बिचारा गं, उचला त्याला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, कुत्र्याला काही झालेलं नव्हतं. आम्ही जमीनच अशी करून ठेवली होती की चार पायांचा बैलसुद्धा पडला असता! जितकी त्याची काळजी, तितकं घासायचं, आणि जितकं घासायचं, तितका तो पडायचा. सगळं मायेनं.

माझ्या कोठीच्या खोलीत नाचणीची रिकामी तरटं होती. ती मी बगलेत मारली आणि गेले आत. मला आता आठवतं, तेव्हा नव्हतं आठवलं, की आपण कुठे चाललोय. कपाळ रिकामं, हात रिकामे, आणि हळदीकुंकवाच्या मधोमध मी तरट पसरतेय. बायकांनी लुगडी आवरली. एक तर म्हणाली, "अक्का, आज? इथं?" मी वाकलेली तशीच राहिले. उठावं की पसरावं कळेना.

प्रतिमानं हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला आणि तरटाचं दुसरं टोक धरलं.

बास. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही दोघींनी टोकाला टोक लावत दारापासून तिच्या पाटापर्यंत तरटं घातली, आणि गुंडण्णा त्यावरून चालत गेला, आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून बसला. मग बायकांना रडू आलं. रडून झाल्यावर सगळ्यांना तिळगूळ. मलाही. पहिला मला.

वासुदेवराव कारखान्यातून आले तेव्हा दारात बूट काढत होते, आणि कुत्रा समोर येऊन उभा. हा इंजिनियर माणूस तसाच एक बूट हातात घेऊन खाली बसला. काय बोलले ते मी सांगणार नाही. ते रेक्सला नव्हे, गुंडण्णाला उद्देशून होतं एवढं सांगते.

पुढं बरीच मेहनत होती. माझ्या जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाखालून घालून आम्ही त्याला पायऱ्या शिकवल्या, एक टोक वासुदेवराव धरायचे, एक मी. वजन वाढू नये म्हणून लाडू बंद. त्या बाबतीत घरात चोर एकच होता, आणि त्याचा आज सत्कार आहे. वर्षभरात गुंडण्णा जयनगरच्या मांजरांना पुरून उरला. त्या दिवसापासून आमच्या घरात "बिचारा" म्हणायची बंदी आहे. मला स्वतःलाही यजमान गेल्यावर लोक इतकं बिचारी बिचारी म्हणाले होते, की मी उभं राहायचंच विसरले होते. असो. ते आजचं नाही.

बदलीचा हुकूम आला तेव्हा हे दोघं माझ्याकडे आले. म्हणाले, तुंगाक्का, एवढा लांबचा प्रवास, पिंजरा, तीन पायांचं बिचारं, तुमच्याकडे ठेवू का? मी उसळले. म्हणलं, लंगडा म्हणून मागं ठेवताय? मग मुळीच ठेवायचा नाही! त्याला काय धाड भरलीय? न्या. माझं घर म्हणजे काय धर्मशाळा आहे? मुकाट्यानं गेले बिचारे. हां, माणसांना म्हणायला बंदी नाही. तेव्हापासून तुम्ही सगळे मला म्हणताय, बरं झालं अक्का, सुटलात. आणि मी म्हणतेय, सुटले बाई.

तर वासुदेवराव, प्रतिमा, तिकडं घर घ्याल ते खडबडीत जमिनीचं घ्या. तुम्ही भाडेकरू म्हणून आलात आणि जाताना मला तुमचं काय लागतं ते सांगता येत नाही, एवढंच तुमचं कार्य मला माहीत आहे. अध्यक्षांनी बोलू दिलं, डॉक्टरांनी न कळणारी भाषा हसतमुखानं ऐकली, तुम्ही केसरीभात थंड होऊ दिलात, सगळ्यांचे उपकार. खेड्यातली जीभ आहे, कुणाला लागली असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. पहिल्या दोन ओळींनी जरा जास्तच.

बसायच्या आधी एक राहिलं. घरात सांगायला जमलं नाही, म्हणून इथं सांगते. वासुदेवराव, तुमचा कुत्रा गाडीत नीट राहील, भोपाळात नीट राहील. तो कुठंही राहील, त्याला माझी काही गरज नाही. तिकीट झालंय, तुमचा त्याच्यावर जीव आहे, मला सगळं कळतंय. तरीपण "न्या" म्हणाले ते मी तोंडानं म्हणाले.

मला तो हवाय.