पुढून येणारी खडखड

न्हाई न्हाई, कोरडं फडकं मारू नका साहेब, ठेवा ते खाली — अवो, बॉनेटवर धूळ बसलीय, त्यावर कोरडं फडकं म्हंजे काचपेपरच की! मगापासनं तेच सांगतोय आन् तुमी घड्याळ बघताय. तीन वाजता गिऱ्हाईक येणार गाडी बघायला, व्हय, सांगितलंत तुमी, दोनदा सांगितलंत. आत्ता कुटं साडेअकरा झालेत. होतंय. बसा. त्या स्टुलावर नका, त्याचा एक पाय लुळा हाय, हितं खुर्चीवर बसा. च्या सांगू का? नको? बरं, ऱ्हायलं. आमच्या वलवणात च्याला न्हाई म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो न्हाईतर घाईत.

तर काय सांगत व्हतो — रोजची गाडी आन् चकाचक रंग, ह्या दोघांचं जमत न्हाई म्हणत्यात लोकं. जमतंय. फक्त हाव धरायची न्हाई. तुमी रोज हितनं नवलाख उंबऱ्याला कंपनीत जाता, परत येता, म्हंजे चिखल, किडे, डंपरमधनं उडणारी खडी, समदं अंगावर घेणारच ती गाडी. तिला काचेच्या कपाटातली बाहुली करायला गेलात तर येडं व्हाल. म्हणून मी म्हणतो, आठवड्यातनं एकदा अर्धा तास काढा. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक निस्त्या पाण्याची, म्हंजे फडक्यातली रेती दुसऱ्या बादलीत राहती. वरनं खाली धुवायचं आन् वल्या फडक्यानं टिपायचं, घासायचं न्हाई. वरसातनं एकदा पॉलिश. बास. पण तुमची बी तऱ्हा बाकीच्यांसारखीच, महिनाभर तिच्याकडं बघायचं न्हाई आन् मग येऊन म्हणायचं — बजरंग, येळ न्हाई, तासाभरात नवी करून दे. तासाभरात निस्ती नवी दिसती साहेब, होत न्हाई. वरचा थर कागदाएवढा असतो. दर घासणीला त्यातला थोडा जातो. जातो तो जातोच.

तुमची बी घासली की मी. हितं, डाव्या अंगाला, दिव्याच्या वर. आठवतंय? मागच्या टायमाला सकाळी सकाळी आलावतात. शटर बी पुरतं वर केलं नव्हतं मी, साडेसात वाजले असतील. गळ्यात कंपनीचं कार्ड व्हतं तुमच्या. मला तेवाच वाटलं व्हतं बघा — सात वाजता पाळी लागती ह्यांची, मग कार्ड घालून माणूस उलट्या दिशेनं कसा आला? पण आपल्याला काय करायचंय. तुमी म्हणालात, बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या खांबाला घासली, तेवढा रंग काढ, घाई हाय. दिव्याखाली पोचा व्हता, पुढच्या जाळीची दोन घरं फुटली व्हती, त्याचं काय न्हाई म्हणालात, नंतर बघू. निस्ता रंग काढ म्हणालात.

जांभळा. खांबाला जांभळा रंग कोण देतं हो?

न्हाई, चिडू नका. इचारतोय आपलं. ही खडखड किती दिवस येतीय म्हणालात? आठधा दिवस? तेरा झाले. मी मोजलेत म्हणून सांगतो. खड्ड्यात गेली की पुढनं वाजती, बिरेक मारला की वाजती, आन् कंपनीतल्या कुणाला इचारलं तर म्हणाला बंपरची किलिप ढिली झाली असंल. आन् आज गाडी इकायची म्हणून आणलीत — पॉलिश मार आन् तेवढी खडखड घालव. बरं केलंत माज्याकडंच आणलीत. दुसरीकडं गेला असतात तर माजं लय अवघड झालं असतं.

चावी? हाय की, माज्या खिशात. राहू द्या, गाडी पुढंमागं करावी लागंल अजून.

तुमाला पोळा म्हायती असंल. तुमी कुटले मूळचे? शहरातले, बरं. तरी म्हायती असंल. आमची वाडी कान्हे फाट्याच्या आतल्या अंगाला. तितं माजे मामा, महिपतीमामा. आई माजी लवकर गेली, मला मामानंच वाढवला. लय तिरसट माणूस! कुणाचं ऐकायचा न्हाई. जोडी मोडली दोन सालामागं, एक बैल म्हातारा होऊन मेला, समदी म्हणाली दुसरा बी काढा आता, टॅक्टर सांगा भाड्यानं. मामा म्हणाला, तुमाला काढतो घरातनं, पाखऱ्याला न्हाई. पाखऱ्या म्हंजे त्यो उरलेला बैल. एकट्या बैलाचा पोळा कुणी करतं व्हय? ह्यानं केला. शिंगं रंगवायची आली की मामाचा मला फोन — बजरंग, तू रंगातला माणूस, यंदा आपल्या पाखऱ्याला असा रंग दे की अख्ख्या मावळात न्हाई झाला पायजे.

आन् मी दिला. एका पोराच्या बुलेटच्या टाकीला जांभळा मारला व्हता, चमकीचा, त्यातला राहिला व्हता डब्यात. तो घेतला, शिंगाच्या ऑइलपेंटमधी कालवला. आता रंगातल्या माणसानं असं करायचं न्हाई, दोन रंग एकात एक बसत न्हाईत, वाळतच न्हाई नीट. मला कळत व्हतं. पण मामाची हौस. दुसऱ्या दिवशी सकाळपातूर चिकटच व्हता तो रंग. तळहाताला लागायचा. असा जांभळा, उन्हात जरा निळा मारणारा — दुसरा न्हाई कुटं साहेब. डब्यातच उरला न्हाई तर दुसरीकडं कुटनं असंल.

हां. आता बसलात सरळ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असती. कराला बैलाला काम लावत न्हाईत, आन् आमच्या घरात साज बी त्या दिवशी संध्याकाळीच उतरवत्यात. मामा उजाडता उजाडता पाखऱ्याला घेऊन निघाला ओढ्याकडं चारायला. धुकं व्हतं. ओढ्याकडचा तो रस्ता कंपनीवाल्यांना अलीकडंच घावलाय, म्हंजे फाट्यावरची गर्दी टळती, दहा मिंटं वाचत्यात. किती? दहाच ना? न्हाई, तुमी सांगा, तुमाला म्हायती असंल.

साडेधाला घावला मामा. ओढ्यात, करवंदीच्या जाळीत पडला व्हता. वर रस्त्याच्या कडंला पाखऱ्या उभा. शिंगाच्या मुळातनं रगात आलेलं, तोंडावर वघळलेलं, आन् कुणाला जवळ येऊ देईना. दोघांच्या अंगावर आला. मामाच्या बरगड्या मोडल्या व्हत्या. मग काय, झालंच! समदे म्हणले, बैल बिथरला, बैलानंच मारला. मी पण म्हणालो. साहेब, पोलीस आलं तवा मीच पुढं होऊन सांगितलं, बैल मारका व्हता, आमी सांगत व्हतो काढा म्हणून. त्यांनी लिहून घेतलं. आमी जे सांगितलं तेच लिहिणार ना ते? नंदामामीनं तर काठी घेऊन मारला त्याला, गोठ्यात बांधून, हात दुखंपातूर मारला. तीन दिवस वैरण टाकली न्हाई. तिच्या हातचं खाऊन वाढलेलं जनावर, ते निस्तं उभं राहिलं मार खात. मला बघवलं न्हाई, मी तोंड फिरवलं. काल तेरावा झाला. आज पाखऱ्याला व्यापाऱ्याला द्यायचा ठरलाय. मामाचा पोरगा विठ्ठल, तो पिकअप घेऊन निघालाय. खोपोलीच्या अंगाला जायचंय त्यांना, ह्याच रस्त्यानं.

उठू नका. बाहेरच्या रस्त्याला पाणी साचलंय, बुटं खराब होतील.

खांबाला घासली म्हणता. मी तुमाला एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगितली न्हाई ती. बायकोला सुदा न्हाई. त्या सकाळी मी तुमच्या गाडीवर घासायचं कंपौंड टाकलं, फडकं फिरवलं, आन् फडक्यावर तो रंग आला. माजा हात थांबला. थांबला साहेब! वळखला मी. माज्या हातानं कालवलेला रंग मी वळखणार न्हाई? मनात आलं — ह्यानं पाखऱ्याला घासली कुटंतरी. इचारावं का, कुटं लागली म्हणून? एवढंच इचारायचं व्हतं. चार शब्द. पण मागं दोन गाड्या लागल्या व्हत्या, लाँग वीकेंडच्या, त्यांचे हॉर्न चालले व्हते, तुमी असं मनगट पुढं करून घड्याळ दावत व्हता. म्हणलं, बैलाला खरचटलं असंल, संध्याकाळी मामाला फोन करून इचारू. आन् घासला. धा मिंटात साफ. तुमी म्हणालात, वा बजरंग. मला बरं वाटलं तवा.

डाक्टर काय म्हणाला म्हायती हाय? म्हणाला, घावायच्या तासभर आधी गेलाय जीव. लवकर घावला असता तर वाचला असता. म्हंजे साडेनऊ. तुमी आला व्हता साडेसातला. मी तुमची गाडी घासत व्हतो तवा मामा जिता व्हता. जाळीत पडून हाका मारत असंल, आन् पाखऱ्या वर उभा राहून लोकांची वाट बघत असंल. आन् मी हितं फडकं धूत व्हतो. न्हाई, धुतलं न्हाई. ते फडकं हाय. त्या पत्र्याच्या डब्यात पिशवीत घालून ठेवलंय. तेरा दिवस त्याच्याकडं बघतोय आन् गप बसतोय. कारण तुमचं नाव घेतलं तर लोकं मला इचारणार — तू काय केलंस? तुला कळलं व्हतं ना? काय सांगू मामीला? येळ नव्हता म्हणून सांगू?

आन् निस्त्या रंगावर कोण इस्वास ठेवणार! तुमी म्हणाल खांब व्हता. म्हणून गप व्हतो. गप राहून गेलोच असतो मी, खोटं कशाला बोलू. पाखऱ्या गेला असता, तुमची गाडी गेली असती, दोन वरसांनी समदी इसरून गेली असती. मी सोडून. पण तुमाला खडखड सोसंना. चाळीस मिंटांपूर्वी मी तुमची पुढची जाळी खोलली. तुमी फोनवर व्हता, तुमचं लक्ष नव्हतं.

हे धरा. धरा की, चावत न्हाई. काय हाय सांगा? शेंबी म्हणत्यात हिला. बैलाच्या शिंगाच्या टोकाला घालत्यात ही पितळेची टोपी. खाली घुंगरू हाय बघा बारकं, तेच वाजत व्हतं. खडखड न्हवं ती. आतल्या बाजूला हात फिरवा — चिकटतंय ना? जांभळं. मामानं आळंदीहून आणली व्हती जोडी. एक पाखऱ्याच्या उजव्या शिंगात अजून हाय, मामी म्हणाली तशीच जाऊ दे त्याच्यासंगं, मला नको डोळ्यासमोर. दुसरी लय शोधली, ओढ्यात उतरून शोधली. कुटनं घावणार? ती तुमच्यासंगं कंपनीत जात व्हती रोज.

बैलानं मामाला मारलं न्हाई साहेब. तुमी मामाला उडवलंत, आन् त्यानं मुंडी खाली घालून तुमच्या गाडीवर शिंग टाकलं. त्या मुक्या जनावरानं तुमाला अडवायला बघितलं. आमी दोघं माणसं, बोलता येणारी, आमी काय केलं?

काय देता? कशाचं? हे बघा, पाकीट ठेवा आत. ठेवा म्हणतो ना! एकदा मी तुमचं काम घाईत केलंय, ते आजून पुरतंय मला.

ती जाळी सोडली तर गाडीला हात लावलेला न्हाई मी आज. एक थेंब पाणी मारलं न्हाई, बघा, जशी आणलीत तशीच हाय. मगापासनं निस्तं तोंड चाललंय माजं. पिकअप येईपातूर तुमाला बसवायचं व्हतं. विठ्ठलला मी फोन केलाय, दोन मिंटं दुकानावर थांब म्हणलं. मामी बी हाय संगं, रस्ताभर बैलाकडं पाठ करून बसली असंल. अजून काय सांगितलं न्हाई तिला. तुमी सांगायचं. शेंबी तुमच्या हातानं द्यायची तिला. मग माजं मी सांगतो, रंगाचं, फडक्याचं, साडेसातचं. मला मारली काठी तर मारू दे, माजं मी बघून घेईन. पोलीस मागनं.

आला बघा. वळतोय हिकडंच. तो मागं उभा हाय ना, हाडं वर आलेला, तोच पाखऱ्या. बसा. हात नका हलवू साहेब, घुंगरू वाजतंय — बघा, त्यानं कान टवकारले.

मामी, उतर खाली. ये. ह्या पाव्हण्यांना कायतरी सांगायचंय तुला.

सांगा साहेब.